कमी मार्कांची साथ

वैद्यकीय कॉलेजात एक विषय असा असतो, की ज्याच्या तासाला झोपायचं तर मागच्या बाकावर जावं लागत नाही. रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र हे त्याचं नाव. मुलं त्याला पीएसएम म्हणतात. जेवणानंतरचा तास, फळ्यावर आदर्श शौचालयाची आकृती, आणि समोर माना टाकलेले भावी डॉक्टर. या विभागाचं एक संग्रहालयही असतं. ज्वारी-नाचणी-हरभऱ्याच्या बरण्या, डासांच्या अळ्या, कुटुंबनियोजनाची साधनं, आणि विहिरीला ब्लीचिंग पावडर किती लागेल ते सांगणारं हॉरॉक्सचं उपकरण, अशी तिथली मांडणी. तोंडी परीक्षेत परीक्षक बरणीकडे बोट करतात आणि उद्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारा मुलगा ज्वारी की बाजरी यावर चाचरतो. परीक्षेच्या आदल्या रात्री पार्कचा जाडजूड ग्रंथ उशाशी घेतला जातो, आणि बऱ्याचदा तो सकाळपर्यंत उशाशीच राहतो.

दंतवैद्यकीय कॉलेजात याच विषयाचं धाकटं भावंड असतं, पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री. पोरं त्या विभागाला आद्याक्षरांनी पीएचडी म्हणतात. त्यामुळे माझा भाचा त्या विषयात गचकला तेव्हा ताईला ती बातमी नातेवाइकांत जरा प्रतिष्ठेनं सांगता आली. "पीएचडीत अडकलाय," एवढंच ती म्हणायची. समोरचा मान डोलवून म्हणायचा, "वेळ लागतोच त्याला."

तर याच भाच्यानं बीडीएस कसंबसं पार पाडल्यावर एका रविवारी जाहीर केलं, की मी अमेरिकेला जाऊन एमपीएच करणार. मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. सार्वजनिक आरोग्य.

घरात क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग ताईच्या सासूबाईंनी, म्हणजे भाच्याच्या आजीनं, विचारलं, "म्हणजे मुन्शिपाल्टीत लागणार का रे?" भावजी बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी खुलासा केला, "नाही हो आई, ते धूर फवारणारे येतात ना, त्यांच्या वरचा साहेब." भाचा चिडला. पण माझ्या मते दोघंही त्या विद्याशाखेच्या व्याख्येच्या बरेच जवळ आले होते. प्यायचं पाणी, मैला, डास, लस आणि जन्ममृत्यूची नोंद या पाच गोष्टी नीट सांभाळल्या तर डॉक्टरकडची निम्मी गर्दी आपोआप ओसरते, हे या शास्त्राचं सार आहे. ते शिकायला अमेरिकेला कशाला जायचं, हा आजीचा पुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर भाच्यानं दिलं नाही.

उत्तर तसं सगळ्यांना ठाऊक आहे. आपली बीडीएसची पदवी अमेरिकेत थेट चालत नाही. तिथे दाताला हात लावायचा तर त्यांची राष्ट्रीय परीक्षा द्यायची, मग तिथल्या डेंटल कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षं काढायची, आणि त्याची फी ऐकूनच आपले दात कडकडा वाजायला लागतात. त्यामानानं एमपीएच दीड-दोन वर्षांत होतं, अमेरिकी पदवी हातात पडते आणि व्हिसाही मिळतो. म्हणून बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्या आपल्या मुलांत 'आधी एमपीएच, मग बघू' हा मंत्र रूढ आहे. त्यातही हुशार मंडळी एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅटिस्टिक्स घेतात, कारण ते विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसतात आणि शिक्षणानंतर काम करायची मुभा बारा महिन्यांवरून छत्तीस महिन्यांवर जाते. म्हणजे अकरावीत गणित टाळण्यासाठी ज्यांनी बायॉलॉजी धरलं, तीच मुलं आता स्वखर्चानं, डॉलरमध्ये, संख्याशास्त्र शिकायला निघाली आहेत.

अडचण एकच होती. मार्क.

भाच्याची सगळ्या वर्षांची सरासरी छप्पन टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती. शिवाय गुणपत्रिकेवर दोन-तीन ठिकाणी पुरवणी परीक्षेच्या खुणा. आपल्याकडे या अभ्यासक्रमांत पन्नासला पास आणि पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन. परीक्षकाच्या हातून चुकून सत्तर सुटले तर त्याला रात्रभर झोप लागत नाही. या वातावरणात छप्पन म्हणजे माणूस इभ्रतीनं जगतो. पण अमेरिकेत नेहमीच्या पद्धतीत साठाच्या खाली गेलेला विद्यार्थी सरळ नापास धरतात, आणि साठ ते सत्तर हाही काही चारचौघांत सांगायचा आकडा नाही. म्हणजे आपला फर्स्ट क्लास विमानात बसला, की उतरेपर्यंत त्याचा डी झालेला असतो.

सुदैवानं हा घोळ अमेरिकेलाही माहीत आहे. तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या बहुतेक कॉलेजांसाठी 'सोफस' नावाची एकच सामायिक अर्जव्यवस्था आहे, आणि परदेशी गुणपत्रिका आधी मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे पाठवून चारच्या पट्टीवर बसवून घ्याव्या लागतात. या संस्थेतल्या लोकांना भारतीय परीक्षकाचा स्वभाव ठाऊक असतो. ते आपल्या मार्कांकडे सहानुभूतीनं पाहतात. भाच्याचे छप्पन टक्के तिकडे जाऊन, न्हाऊन-माखून परत आले ते २.९ होऊन. ताईचा जीव भांड्यात पडला. मग कळलं, की बऱ्याच कॉलेजांना किमान ३ लागतात.

"दशांश एक!" भावजी म्हणाले. "बँकेत असतो तर राउंड ऑफ केलं असतं."

त्या दशांश एकाची कारणमीमांसा घरात सुरू झाली, आणि इथे मला पहिल्यांदा जाणवलं, की सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण मुलाच्या आधी आईनंच पूर्ण केलेलं आहे. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं १९६५ साली एका भाषणात नऊ कसोट्या मांडल्या. एखादी गोष्ट आणि एखादा रोग एकत्र दिसले, म्हणून ती गोष्टच रोगाचं कारण आहे असं कधी म्हणावं, याच्या त्या कसोट्या. जगभर त्या पाठ करून घेतात. ताईनं हिलचं नावही ऐकलेलं नाही. पण मार्क कमी पडण्याचं कारण मोबाइल हेच, हे सिद्ध करताना तिनं त्यातली एकही कसोटी सोडली नाही.

पहिली, संबंध किती घट्ट. "सकाळी उठल्यापासून हातात तेच. याहून घट्ट काय असतं?" दुसरी, सगळीकडे तेच दिसतं का. दिसतं, समोरच्या वाड्यातला, नणंदेचा, ऑफिसातल्या मैत्रिणीचा, सगळे मुलगे तसलेच. तिसरी, कालक्रम. बारावीपर्यंत मोबाइल नव्हता, मार्क होते. बीडीएसला घेऊन दिला, मार्क गेले. चौथी, मात्रा वाढली की परिणाम वाढतो का. रात्री एकपर्यंत जागला तर सेकंड क्लास, तीनपर्यंत जागला तर पुरवणी परीक्षा, असं तिचं अनेक वर्षांचं निरीक्षण आहे. पाचवी, साधर्म्य. दारूनं माणूस जातो, तसा हा यानं गेला. जैविक शक्यता आणि सुसंगती यांवर तिनं वेळ घालवला नाही. "डोळ्यांतून मेंदूत जातं ते," एवढ्यावर दोन्ही उरकल्या.

एका कसोटीत मात्र तिची पंचाईत झाली, ती म्हणजे विशिष्टता. एका कारणाचा एकच परिणाम असेल तर पुरावा भक्कम. पण ताईच्या मते भाच्याचे केस गळणं, पाठ दुखणं, वजन वाढणं आणि मावशीचा फोन न उचलणं हे सगळं त्या मोबाइलनंच होतं. हरकत नाही, हिलनंही या कसोटीला फार धरून बसू नका असंच सांगितलं होतं.

उरला प्रयोग. तोही झाला होता. दुसऱ्या वर्षी परीक्षेआधी महिनाभर मोबाइल गोदरेजच्या कपाटात बंद करून चावी देवघरात ठेवली होती. मार्क काही वाढले नाहीत. याचं काय, असं मी विचारल्यावर ताई म्हणाली, "लॅपटॉप होता ना त्याच्याकडे!" शास्त्रात याला कन्फाउंडर म्हणतात. तो शोधायला लोक डॉक्टरेट करतात. ताईनं पोळ्या लाटता लाटता शोधला.

भाचा या चौकशीनं मुळीच खचला नाही. दरम्यान त्यानं अर्जाची तयारी म्हणून थोडं वाचन केलं होतं आणि आयुष्यात प्रथमच त्याला अभ्यासाचा विषय आपल्या बाजूनं बोलताना सापडला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला होता. त्याचा अहवाल २००८ मध्ये आला. माणूस ज्या परिस्थितीत जन्मतो, वाढतो, राबतो, ती परिस्थिती त्याचं आरोग्य मोठ्या प्रमाणात ठरवते. सगळं खापर त्या माणसावर फोडू नका, असा त्याचा रोख. याच मार्मट यांचं नाव लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या नोकरदारांच्या अभ्यासाशीही जोडलेलं आहे. १९६७ पासून चाललेल्या त्या अभ्यासात दिसलं, की शिपायापासून सचिवापर्यंत जसजसा हुद्दा चढतो तसतसे हृदयविकारानं होणारे मृत्यू घटतात. सगळे सुरक्षित सरकारी नोकरीतले, सगळे पोटभर जेवणारे, तरीही पायरीगणिक फरक.

"मामा," भाचा म्हणाला, "म्हणजे माझे मार्क ही माझी चूक नाहीच. हॉस्टेलची मेस, एक्स्टर्नलचा मूड, नळाला दिवसाआड पाणी, हे सगळे सामाजिक निर्धारक आहेत."

मला त्याच्या म्हणण्यात तथ्य वाटलं. डॉक्टरी विद्या रोग्याला विचारते, तू काय केलंस? सार्वजनिक आरोग्य विचारतं, तुझ्या गल्लीत काय चाललंय? जेफ्री रोज नावाच्या डॉक्टरनं १९८५ साली यावर एक निबंध लिहिला, तो अजून प्रत्येक वर्गात वाचतात. या माणसाला हा रोग का झाला आणि या समाजात हा रोग इतका का आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी असू शकतात, असं तो म्हणतो. या नियमानं भाच्याला नापास का झालास हे विचारण्याआधी अख्ख्या वर्गाचा निकाल काय लागला, शिक्षकांच्या किती जागा भरलेल्या होत्या, हे विचारायला हवं. पण गंमत अशी, की हे शास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात शिरायचं तर दारावर जो अर्ज मिळतो, त्यात वर्गाचा रकाना नाही, गल्लीचा नाही, मेसचा नाही. तिथे एकट्या माणसाची सरासरी मागतात आणि तीही दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत. उभ्या समाजाला समजून घ्यायला निघालेल्या विद्येलाही फाटकाशी प्रत्येकाला सुटं करून, तोलूनच आत घ्यावं लागतं. एकदा आत गेलं की मग ती सांगते, माणसाला असं सुटं तोलू नये.

मार्क कमी असले की उद्दिष्टाचं निवेदन चांगलं लागतं. त्याला सगळे एसओपी म्हणतात. आमच्या घराण्यात मी दिवाळी अंकांतून लिहितो अशी ख्याती असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. त्याआधी भाचा एका सल्लागाराकडे जाऊन आला होता. त्या गृहस्थांकडे तयार साचा होता. लहानपणी गाव, गावात डॉक्टर नाही, आजीला गंभीर आजार, बैलगाडीतून तालुक्याला नेणं, आणि त्या रात्री चांदण्यात मुलानं घेतलेला निश्चय. फक्त आजाराचं नाव भरायची जागा मोकळी होती. भाच्यानं तिथे क्षयरोग भरला होता.

ज्या आजीला क्षय झाला होता ती त्या वेळी शेजारच्या खोलीत कुरडया मोजत होती. ऐंशी ओलांडली तरी दात स्वतःचे आणि आवाज वाड्याबाहेर जाणारा. तिच्या कानावर गेलंच.

"मी गेले का रे त्यात?"

"नाही आजी, वाचलीस."

"मग असू दे. झालं काय होतं मला?"

"क्षय."

आजी हातातली कुरडई खाली ठेवून उठली. "खबरदार! धाकट्या नातीचं लग्न व्हायचंय अजून. क्षय लावलात तर स्थळं यायची बंद होतील. मधुमेह घाल हवं तर."

रोगापेक्षा रोगाच्या कलंकाला लोक जास्त घाबरतात, म्हणून औषधं फुकट असली तरी माणसं दवाखान्यात यायला कचरतात, हा सार्वजनिक आरोग्यातला एक अख्खा धडा आजीनं दोन वाक्यांत घेतला. तो एसओपीत घालावा असं मी सुचवलं. भाचा म्हणाला, आजी परवानगी देणार नाही. संशोधनात ज्याची माहिती वापरायची त्याची संमती लागते, हाही धडा झाला.

मी भाच्याला म्हटलं, खोटी आजी सोड. या चार-पाच वर्षांत तुला खरोखर कशाचं तरी नवल वाटलं असेल ते सांग. त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं आणि मग एक हकीकत सांगितली. इंटर्नशिपमध्ये साताऱ्याकडच्या एका खेड्यात दातांचं शिबिर होतं. हातात छापील फॉर्म: नाव, वय, तंबाखू सेवन होय किंवा नाही. बायका एकामागून एक 'नाही' सांगत होत्या. हिरड्या मात्र काळवंडलेल्या. शेवटी एका बाईच्या कमरेला खोचलेली डबी त्याला दिसली.

"मावशी, यात काय?"

"मिशेरी."

"लावता?"

"लावतो की. सकाळ-संध्याकाळ. त्याबिगर पोट साफ हुईत न्हाई."

"मग तंबाखू नाही कशाला म्हणालात?"

"तंबाखू कुठं खातुया आम्ही? दात घासतो न्हवं का."

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची, ही मिशेरी. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. गुटख्यावर महाराष्ट्रानं २०१२ मध्ये बंदी घातली. पण घरच्या चुलीवरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणारे निघाले. त्या पाहणीत मिशेरी, तपकीर, गुल यांची नावं घेऊन वेगळं विचारतात. नुसतं 'तंबाखू खाता का' विचारलं असतं तर ती मावशी त्या आकड्यात आलीच नसती. भाच्यानं त्या दिवशी फॉर्मवर पेनानं एक रेघ मारून 'मिशेरी' असा रकाना वाढवला आणि सगळ्यांना पुन्हा विचारलं. उत्तरं बदलली. संध्याकाळी सरांनी छापील फॉर्म खराब केला म्हणून झापलं.

"हे लिही," मी म्हणालो.

"यात काय आहे? मला ओरडा बसला होता."

दंतवैद्य झालेल्या मुलाला कोणता प्रश्न कसा विचारावा हे कळलं होतं, आणि ती गोष्ट गुणपत्रिकेत कुठेच नव्हती. आदल्याच वर्षी पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीत त्याला काठावरचे मार्क होते. कारण परीक्षेत आदर्श प्रश्नावलीची दहा वैशिष्ट्यं विचारली होती आणि त्याला सहाच आठवली.

यानंतर शिफारसपत्रं. ती बऱ्याच ठिकाणी तीन लागतात. आपल्याकडची पद्धत सोपी आहे. सरांना भेटायचं, सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यामुळे भाच्यानं स्वतःबद्दल तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून तीन वेगवेगळ्या शैलींत चांगलं लिहिलं. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. ज्या विभागात आपण गचकलो त्याच्या प्रमुखाच्या वतीनं 'या विद्यार्थ्याची जिज्ञासा अतृप्त होती' हे वाक्य लिहायला निधडी छाती लागते. फॉर्मवर एक तक्ताही असतो: हा विद्यार्थी तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत? सर सगळ्यांसाठी पाच टक्क्यांवर खूण करतात. भाच्याच्या तुकडीतले अर्ज केलेले सगळे विद्यार्थी वरच्या पाच टक्क्यांत आहेत. संख्याशास्त्राला हे मान्य नाही, पण सरांचं मन मोठं आहे.

शिफारसपत्र असावं तर जॉन ग्रॉन्टसारखं. हा लंडनचा दुकानदार, सुई-दोरा-बटणांच्या धंद्यातला. शहरात दर आठवड्याला मेलेल्यांच्या याद्या छापल्या जात. यानं त्या जमवून, मांडून १६६२ साली पुस्तक केलं आणि लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला. त्याला रॉयल सोसायटीत घ्यावं अशी शिफारस खुद्द राजा दुसरा चार्ल्स यानं केली. त्यावर कोण मार्क विचारणार?

खरं तर या शास्त्राचा सगळा वंशवृक्षच अपात्र उमेदवारांचा आहे. १८४२ साली कामगार वस्त्यांच्या अस्वच्छतेवर अहवाल लिहून इंग्लंडला गटारं बांधायला लावणारा एडविन चॅडविक वकील होता. मुंबईत प्लेगच्या धामधुमीत लस बनवणारा आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेणारा वॉल्डेमार हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे डॉक्टरीची पदवी नव्हती. ताईच्या कामी आलेला तो हिल, त्याला डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या महायुद्धात खराखुरा क्षय झाला, डॉक्टरी हुकली, आणि आजारपणातून उठताना त्यानं पत्राद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेतली. पुढे त्याच क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली आणि जिच्या धर्तीवर आज जगात औषधं तपासली जातात, तिची आखणी त्याची. या चौघांनी आज सोफसवर अर्ज भरला असता तर ग्रॉन्टचा अर्ज 'पदवी' या रकान्याशीच अडकला असता आणि हाफकिनला शिफारसपत्रांसाठी मुंबईतल्या गोऱ्या डॉक्टरांच्या मागे फिरावं लागलं असतं.

तिकडची कॉलेजं सांगतात, की आम्ही अर्जाचा सर्वंकष विचार करतो. सर्वंकष विचार म्हणजे काय, हे ताईला एका झटक्यात समजलं. ते स्थळ बघणं आहे. पत्रिका थोडी कमी जमते, पण घरचे चांगले आहेत. उंची बेताची आहे, पण स्वभाव शांत. आधी एक नोकरी सुटली, पण आता स्थिर आहे. एमपीएचच्या अर्जातही नेमकं हेच करायचं असतं. पहिल्या वर्षी पन्नास आणि शेवटच्या वर्षी बासष्ट असतील तर त्याला चढता आलेख म्हणायचं आणि चढ ठळक दाखवायचा. गचकलेल्या विषयाचं स्पष्टीकरण वेगळ्या पानावर, चार ओळींत. रडायचं नाही, कोणाला दोष द्यायचा नाही, आता काय बदललं ते सांगायचं. एखादा ऑनलाइन संख्याशास्त्राचा कोर्स करून त्यात उत्तम ग्रेड आणायची, म्हणजे मुलगा सुधारल्याचा पुरावा. वर्षभर एखाद्या आरोग्य प्रकल्पात काम करायचं. जीआरई या प्रवेशपरीक्षेची अट तर कोविडच्या काळात २०२० नंतर पुष्कळ कॉलेजांनी काढूनच टाकली, त्यामुळे तोही एक नकार टळला.

भाच्यानं हे सगळं केलं. दोन नकार आले, एक प्रतीक्षायादी आली, आणि मग एका विद्यापीठाचं 'आम्हाला आनंद होत आहे' असं पत्र आलं. घरात पेढे आले. पत्राच्या दुसऱ्या पानावर फीचा आकडा होता. तो वाचून भावजींनी पेढा परत डब्यात ठेवला. सर्वंकष विचारात या आकड्याचं वजन किती, हे कुठलंच कॉलेज सांगत नाही. पण अमेरिकेत मास्टर्सचे बहुतेक विद्यार्थी स्वतःच्या खिशातून किंवा कर्जावर शिकतात, आणि परदेशी विद्यार्थी पुष्कळदा पूर्ण फी भरतो. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे दोन मुद्दे शेजारी ठेवता येतात. "दशांश एक राउंड ऑफ झालं म्हणायचं," भावजी म्हणाले, आणि कर्जाचे कागद काढायला उठले.

आता भाचा तिकडे रुळला आहे. पहिल्याच सत्रात बायोस्टॅटिस्टिक्स. आणि तिथे टिकून राहायचं तर सरासरी सतत तीनच्या वर लागते, नाहीतर ताकीद मिळते. म्हणजे ज्या तीनच्या उंबरठ्याशी तो अडखळला होता, तो उंबरठा त्याच्या बरोबरच विमानात बसून गेला.

पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा ताईनं फोन केला. "किती पडले?"

"पास झालो."

"किती पडले विचारतेय. कितवा आलास?"

"आई, इथे नंबर काढत नाहीत."

ताईनं विद्यापीठाला ईमेल करायचं ठरवलं. फी आम्ही भरतो, तेव्हा मार्क आम्हाला कळवावेत, अशी साधी मागणी. नम्र उत्तर आलं, की १९७४ च्या संघीय कायद्यानुसार विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद त्याच्या लेखी संमतीशिवाय आम्ही पालकांना देऊ शकत नाही. ताईनं ते तीनदा वाचलं. नापास झालेल्या मुलाला आईपासून वाचवण्यासाठी एवढ्या मोठ्या राष्ट्रानं कायदा करावा, हे तिच्या कल्पनेपलीकडचं होतं.

पण रोगाची थेट मोजणी करता येत नसेल तर मोक्याच्या ठिकाणी निरीक्षक नेमून अंदाज बांधायचा, असं या शास्त्रातच सांगितलं आहे. भाच्याचा रूममेट नाशिकचा आहे, त्याच वर्गात. ताईनं त्याच्या आईचा नंबर मिळवला. त्या माउलीलाही स्वतःच्या मुलाचे मार्क कळत नव्हते. मात्र दोन्ही मुलं आपापल्या आईला एकमेकांचे मार्क आनंदानं सांगत होती. आता रविवारी संध्याकाळी दोघी फोनवर माहितीची देवाणघेवाण करतात. बायोस्टॅटिस्टिक्समध्ये आपल्याला बी प्लस आणि नाशिकच्याला बी आहे, असं गेल्या आठवड्यात निष्पन्न झालं. नमुना दोनाचा, हे ताईला मान्य आहे. पण त्या नमुन्यात आपला सरासरीच्या वर आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा आहे, असं ती सगळ्यांना सांगत सुटली आहे.